मगर

भैयाजींच्या सभेला माईक आमचाच असतो.
सुपेकर साउंड, नंदलालपुरा. पाटी काकांच्या हातची,
तिच्यातला अनुस्वार पावसानं नेला,
तेव्हापासून आम्ही 'साउड'.

माझं काम बोलण्याचं नाही.
शिट्टी वाजू द्यायची नाही,
'भ' म्हणताना फुटणारी हवा फडक्यात धरायची,
खोकला आला की बोटानं खाली घ्यायचा.
वीस वर्षं हेडफोनात त्यांचा श्वास ऐकतोय,
वहिनींनीसुद्धा इतक्या जवळून ऐकला नसेल.

मंगळवारची सभा भंवरकुव्याला होती.
चार दिवस आधी तिथंच, पोह्यांच्या गाडीपाशी,
दोन शिपायांनी एका मुलाकडे पासपोर्ट मागितला.
त्यानं आधार दाखवलं. ऐझॉल.
त्यांनी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं,
कौनसा देश है ये, म्हणाले, हसले,
आणि डाव्या कानावर उघडा पंजा.

एम.वाय.च्या डॉक्टरनं लिहिलं : पडदा फाटला.

पडदा मला कळतो.
स्पीकरचा कोन फाटला तर आवाज येतो,
शब्द येत नाहीत.
साडेतीनशेत आम्ही नवा बसवून देतो.

निवेदकाला कुणीतरी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं :
लालमुआनपुइया.
त्यानं ओठ हलवून पाहिले, मग चिठ्ठी खिशात घातली.
भैयाजी म्हणाले, "वो बच्चा भी भारत का लाल है."
टाळ्या.
नावाचं एक पेर चोखलं,
बाकीचा ऊस तसाच टाकला.

मग ते थांबले.
तो थांबा मला पाठ आहे.
नाकातून अर्धा श्वास, ओठ मिटलेले,
हेडफोनात बारीकशी गुणगुण, आणि

"मगर."

आमच्या घरी मराठीत मगर पाण्यात राहते.
तिसरीत मी हिंदीच्या मास्तरांना विचारलं होतं,
सर, ही वाक्यात कशी शिरली?
वर्ग हसला होता.
आता पन्नाशी आली, विचारत नाही, नुसता बघतो.
पाणी किती संथ असतं : मेहमान, भाईचारा, माँ अहिल्या की नगरी,
आणि दोन डोळे वर येतात.

"मगर चेहरा देखकर धोखा हो सकता है.
मगर वर्दीवाला भी किसी का बेटा है.
मगर रात के साढ़े ग्यारह बजे..."

सात मगरी मोजल्या मी.
एकीचाही आवाज फुटू दिला नाही.

तो मुलगा डाव्या खांबाशी उभा होता, कानात कापूस,
मान वळवून उजवा कान स्पीकरला देत,
जसं आपण दाराच्या फटीला देतो
आत आपल्याबद्दल चाललेलं असतं तेव्हा.
मी डावीकडचा बेस दोन काटे खाली घेतला.
एवढंच केलं. लिहून ठेवण्यासारखं नाही.

सभा संपली. खुर्च्या टेम्पोत चढत होत्या.
तो आला. "अंकल, आख़िर में क्या बोले मेरे बारे में?
इस तरफ़ साफ़ नहीं आया."
मी वायर गोळा करत होतो.
म्हटलं, आवाज फट रहा था बेटा, कोन ख़राब है,
मुझे भी ठीक से सुनाई नहीं दिया.
काकांच्या पाटीखाली बसून आजवर
आपल्या मालाला मीच वाईट म्हटलं नव्हतं.

तो काही बोलला नाही.
वायरचं दुसरं टोक उचललं आणि गुंडाळू लागला,
एक वेढा वरून, एक खालून, पीळ न पडू देता,
जसं माझ्या पोरांना दहादा सांगूनही जमत नाही.
किसने सिखाया?
"चर्च में. क्वायर का साउंड मैं ही करता था."

वेटोळं त्यानं पेटीत नीट ठेवलं.
मग डाव्या स्पीकरपाशी वाकला, जाळीतून बोट घालून
कोनावर हलकेच टिचकी मारली,
उजवा कान जवळ नेला.

"कोन तो ठीक है, अंकल."