दर्जा ब

घोड्याचं वय दातांवरून सांगतात,
आमच्याकडे शटरवरून.

निशिगोरींनी कॅमेरा काउंटरवर ठेवला
तोही रुमाल पसरून,
काचेला चरा नको म्हणून. माझ्या काचेला.

बाहेर हाकोदातेची ट्राम
बर्फाचा चिखल उडवत वळली
आणि मांडणीवरची भिंगं किणकिणली.
मी पांढरे हातमोजे चढवले.
दहा मेगापिक्सेल.
कधीकाळी याच्यासाठी नाव नोंदवून थांबायचे लोक.
आता खिशातला फोन पाचपट मोजतो,
आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आधी बाहेरून.
मुठीचं रबर चिकट, खालच्या कोपऱ्यात सुटलेलं.
अंगठ्याच्या जागी काळा रंग जाऊन धातू उघडा.
पडद्याच्या उजव्या कडेला नाकाचा तेलकट डाग,
म्हणजे डाव्या डोळ्याने बघणारा माणूस.
"लहानपणी उजव्याला गोवर भोवला," ते म्हणाले.
मी विचारलं नव्हतं.

चालू केला, तर त्याने आधी तारीख विचारली.
आतली शेंगदाण्याएवढी बॅटरी मेलेली.
त्याच्या लेखी रोजच
एक जानेवारी, दोन हजार पाच.
मी खरी तारीख भरली,
बंद करून उघडला, तर पुन्हा तेच.

छिद्र सगळ्यात बारीक करून पांढरा कागद टिपला.
धुळीचे अकरा ठिपके,
त्यातला वर डावीकडचा चांगलाच टपोरा.
"तो आभाळात यायचा," निशिगोरी ओशाळले,
"म्हणून मी मुलांना झाडाखाली उभं करायचो.
पानांत खपून जायचा."

मुलांना?

शाळा सोडणाऱ्यांचे अल्बम करायचे ते,
किनाऱ्यावरच्या सात शाळांचे,
सातातली आता एक उरली आहे,
तिथे मुख्याध्यापिकाच फोनवर काढते.

केबल जोडली. आकडा आला:
एक लाख बारा हजार चारशे सहा.
लाखाच्या वर गेलं की आम्ही भाव पाडतो,
तसं सांगितलंही.
एवढी मुलं, असं काहीतरी पुटपुटले मी,
भाव पाडताना माणूस गोड बोलतो तसं.
"छे," ते म्हणाले,
"पहिल्या वर्षी चार तुकड्या होत्या.
एका पोराला दोन क्लिक, डोळे मिटले तर तिसरं.
शेवटच्या वर्षी तिघंच. दिवस मोकळा.
मग काढत बसलो.
धावताना, डबा खाताना, नुसतं भांडताना,
एकेकाचे चारशे-पाचशे.
आकडा वाढला तो
मुलं कमी झाली म्हणून."

यावर माझ्याकडे कुठलाच कोष्टक नव्हता.

फोकस तपासायला चेहरा लागतो.
एरवी मी भिंतीवरचं कॅलेंडर टिपते.
"जरा उभे राहता?"
ते राहिले. खांदे सरळ, टाचा जुळलेल्या.
मी काही बोलायच्या आत
"हनुवटी किंचित खाली," असं
स्वतःलाच म्हणाले, आणि केलीही खाली.
मग कुठे बघायचं ते त्यांना कळेना.
चारशे सात.
फोकस डोळ्यांवर, डाव्या डोळ्यावर जरा जास्त.
पडद्यावर दाखवला तर म्हणाले,
"वडिलांसारखा दिसतोय,"
आणि चष्मा पुसायला घेतला.

साडेतीन हजार येन. त्यांनी घासाघीस केली नाही,
रुमालाची मात्र चार वेळा घडी घातली.

कार्ड कोरं करूनच माल मांडायचा, हा दुकानाचा नियम.
मी केलं.
मोजणीत तो फोटो राहिलाच,
तिथे कुणाचं बोट पोचत नाही.

संध्याकाळी चिठ्ठी लिहिली, बारीक पेनाने:
दर्जा ब. मूठ चिकट. सेन्सरवर धूळ,
झाडाखाली दिसत नाही.
(शेवटचे तीन शब्द खोडले. मग दुसरी चिठ्ठी घेतली
आणि पुन्हा लिहिले.)
साल विसरतो.
बाकी वापराला अडचण नाही.