लाकूड बोलते

मार्चपासून तेजी आहे.
सदरच्या क्लिनिकात, एक्स-रेच्या खोलीबाहेर
डॉक्टर, कंपाउंडर, लिफ्टवाला पुंडलिक,
सगळ्यांची मान एकाच कोनात.
आत मी म्हणते, श्वास घ्या. धरा. सोडा.
बाहेर कुणीच सोडत नाही.

मीही घेतलेत.
मँगनीजचे दोनशे, कोळशाचे साठ,
आणि एका नाण्याचा हजारावा तुकडा.
त्या नाण्याला कड नाही,
दगडावर आपटून ते वाजवता येत नाही.
इतवारीतल्या सराफाला विचारलं
तर तो म्हणेल, ताई, चहा घ्या.

ते नाणं खणतो माझा मावसभाऊ लोकेश,
हुडकेश्वरला, जिन्याखालच्या खोलीत.
लाल-हिरवे दिवे, घरघरणारे पंखे,
समोर मावशीच्या लग्नातला लोखंडी कूलर,
नव्या खसाच्या ताट्या लावलेला.
मे महिन्यात सत्तेचाळीस अंश.
घरचे गच्चीवर झोपले,
कूलर यंत्रापुढे.
खणतोस म्हणजे काय करतोस रे?
"गणितं सोडवतो."
कुणाची?
"कुणाचीच नाही, ताई. नुसती."

बाबांनी खणलं ते मनसरच्या पुढं.
एकतीस वर्षं जमिनीखाली, टिंबरमन.
वर डोंगर, खाली ते,
मध्ये त्यांनी ठोकलेला सालाचा खांब.
घरी यायचे तेव्हा कानामागे काळं असायचं,
आई ओल्या पदरानं पुसायची, तरी असायचं.
हल्ली त्यांची फिल्म मीच काढते.
उजवीकडे खाली थोडं चांदणं आहे.
वाढत नाही. बरं आहे.

एका रविवारी त्यांना फोन दाखवला, हिरवी रेघ.
बाबा, तुमची खाण. पाच महिन्यांत दुप्पट.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"टनाचा भाव हाय का हा?"
टनाचा नाही. शेअरचा.
"मंग माल जास्त निंगाला का?"
माल तेवढाच.
"मंग वाढलं काय?"
मी सांगायला लागले, बॅटऱ्या, चीन, मागणी,
आणि मधेच वाटलं, हे मला नुसतं पाठ आहे.
पोह्यांवरची तर्री गार झाली.
बोटं पुसत ते म्हणाले,
"चढते तर चढू दे.
फक्त आयकत राय. लाकूड बोलते, बाई.
छत खाली याच्या आधी लाकूड बोलते.
कुरकुर आयकू आली का हिशेब नाई करा लागत,
डब्बा तसाच सोडून भायेर निंगा लागते.
गजभियेनं डब्बा उचलला होता."

गजभिये काकांचं पुढं काय झालं
ते आजवर विचारलं नव्हतं.
तेव्हाही नाही.

तान्ह्या पोळ्याला महालातून मारबत गेली.
रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा.
तेजी घेऊन जा, असं कुणी ओरडलं नाही.
संध्याकाळी गल्लीत बैल आले.
फोनमधला सोनेरी, शिंगं रोखून धावणारा नव्हे;
लाकडी, चाकांचा, शिंगांना बेगड,
ओढला तर येतो.
ढोबळ्यांच्या रिद्धिमाचा आजोबांच्या वेळचा,
चाकांना तेल नाही.
फाटकापासून दारापर्यंत
करकरत आला.

बाबा खुर्चीत. माझ्याकडे बघितलं नाही.
मी बघितलं त्यांच्याकडे.

खाणींचा बाजार साडेतीनलाच बंद झालेला,
नाण्याचा कधी बंद नसतो.
बोजाऱ्यासाठी हात पुढे करून ती पोर उभी,
आणि मी उंबऱ्यात अंगठ्यानं विकत होते.
दीड मिनिट लागलं.
मँगनीज ठेवलं. का ते सांगता येणार नाही.

माझ्याजवळ सुटे नव्हते.
बाबांनी खिशातून दहाचं नाणं काढलं,
उंबऱ्यावर एकदा वाजवलं
आणि तिच्या तळव्यावर ठेवलं.
बैल वळला.

आठवड्याभरात भाव आणखी चढला.
लोकेशनं फोन करून सांगितलं.
दोनदा.