साडेतीन ठिकाणं

या मे महिन्यात आम्ही चार ठिकाणी जाऊन आलो
असं मी बँकेत सांगते.
खरं तर साडेतीन.

सागरेश्वरला हरणं बघायची होती.
दिसलं एकच, पाटीवर रंगवलेलं,
शिंगाचा पोपडा उडालेलं.
विराजने त्याचाच फोटो काढून
मित्रांना पाठवला : "भेट झाली."

दंडोबा हे ते अर्धं.
पहिल्याच चढाला शलाका म्हणाली,
"मी इथंच बसते, तुम्ही या जाऊन."
दहावीच्या निकालाची वाट बघणारी मुलगी
"इथंच बसते" म्हणते
तेव्हा डोंगरही जरा वरमतो.
मग सगळेच बसलो.
भडंग होतं, कांदा घरी ओट्यावर राहिलेला.
त्यावरून ह्यांचं नि माझं नेहमीचं सुरू झालं.
पोरांनी इअरफोन काढले.
एकच जोडी. एक तिच्या कानात, एक त्याच्या.
वर्षभरात ती दोघं
एवढी खेटून बसलेली मी पाहिली नव्हती.
भांडण मी मुद्दाम थोडं लांबवलं.

हरिपूरला संगमावर गेलो
कारण घरी लाइट नव्हती.
त्याबद्दल एवढंच.

आणि समडोळी.
बाळगोंडा मगदूम, ह्यांचे आयटीआयचे दोस्त,
फोनवर सारखे, "पोरांस्नी विहिरीवर आणा की ओ,
तुमच्या त्या तलावात औषधाचा वास."
उसातून वाट, वाटेला पाटाचं पाणी,
चपला हातात.
चौकोनी दगडी विहीर,
कपारीत पारवे, कडेला करंज.
विराजने आल्या आल्या मुटका मारला,
पाणी थेट माझ्या पर्सपर्यंत.
मी चौथ्या पायरीवर. टॉवेल मांडीवर.

"आई, ये."
"मला येत नाही."
"म्हणजे?"
म्हणजे काय, येत नाही.
दहा उन्हाळे पोहण्याच्या क्लासबाहेर
मी बाकावर बसले,
त्यांना वाटलं, मला कोरडं राहायला आवडतं.
आमच्या आण्णांनी भावाच्या पाठीला
तेलाचा रिकामा डबा बांधून त्याला ढकललं होतं.
मी काठावर त्याचे कपडे सांभाळले.
एवढंच सांगितलं. रागाने नाही.

शलाका काही बोलली नाही.
ट्रॅक्टरची ट्यूब ढकलत आणली,
मला दोन हात धरून उतरवलं,
ड्रेस फुग्यासारखा वर आला, तो तिने खाली दाबला
जसा मी तिचा फ्रॉक दाबायचे.
मग ट्यूबही काढून घेतली.
"मान सैल सोड. पोट वर.
घाबरायला काय झालं? मी धरलंय ना."

हे वाक्य माझं आहे.
विश्रामबागच्या मैदानावर
तिच्या सायकलची सीट सोडून दिल्यावर
मागून पळत मी तेच ओरडत होते.

म्हणून पाठीखालचा तळवा
कधी निघणार हे मला कळलं होतं.
निघाला.
मी काही बोलले नाही.
कान पाण्यात, त्यात कुठल्यातरी मोटारीची घरघर.
वर आभाळाचा चौकोन, करंजाची एक फांदी,
आणि मोबाइल धरलेला ह्यांचा हात.
मग विराजचा ओला हात आडवा आला.
"नको बाबा. राहू दे."
तेरा वर्षांचा. हे कुठं शिकला?

किती वेळ? मगदूमवहिनी म्हणतात, पाच मिनिटं.
विराज म्हणतो, बारा सेकंद.
नंतर नाकात पाणी गेलं, मी तिला ओरबाडलं,
ती ओरडली, मी ओरडले,
वहिनींनी पिठलं-भाकरी आणली.

मंगळवारी काउंटरवर
डावा कान अजून गच्च होता.
"मॅडम, सही कुठं करू?"
लांबून, खालून आवाज आल्यासारखा.
मी मान कलती केली, एका पायावर हलकीच उडी मारली,
गरम थेंब ओघळून खांद्यावर आला.
म्हाताऱ्याने पासबुक मागे घेतलं.
"काय झालं ओ?"
"काही नाही," म्हटलं,
"इथं करा. दोन ठिकाणी."