वेस झोपून पाहावी

चपला राहू द्या पायात, अठी देऊळ नाई.
ही टॉकीज होती. आता सोयाबीनचं गोदाम.
तिकिटाची खिडकी तेवढी उरली,
तिच्यात हात घालून फोटो काढतेत लोक. नको,
मधमाशा हायेत.

पिच्चर अठी नऊ दिवस चालला.
आठ दिवस गावानं पाह्यला,
नवव्या दिवशी टॉकीजवाल्या झुंबरलालनं, एकट्यानं.
पडद्यावर गावाचं नाव धामणखेड नव्हतं,
पोलिसाच्या जीपवर भलत्याच जिल्ह्याची पाटी.
पोट्टे वरडले, खोटं हाये, खोटं हाये!
मंग पायरीवर कोनाले आपली बकरी दिसली
तं गप्प झाले.

चला, ऊन चढाच्या आधी.
हे जिनिंग, इंग्रजाच्या काळातलं.
पिच्चरमंदी हा जेल होता,
खिडक्यायले लाकडाचे गज, काया रंगाचे.
शूटिंग सरली तं गज लोकायनं घरी नेले.
दहीकरच्या परसात एकावर अजून दोडका चढते.

हा चौक. पिच्चरची विहीर.
पाहू नका इकडं तिकडं, विहीर नाई.
कधीच नव्हती. प्लायवूडची होती, बारा दिवस,
हीरोइन तिच्यात उडी मारे अन् गादीवर पडे.
पन पोस्टमनले अजून हाच पत्ता लागते,
"पिच्चरच्या विहिरीजवळ, सलूनच्या बाजूले."
एका साली पंचायतनं गाळ काढायले पैसे मंजूर केले.
गाळ निघाला म्हनते.

आन ही वेस. गोंड राजाच्या वक्ताची.
चारशे वर्षं, का पाचशे,
मास्तर बदलला का वर्षं बदलतेत.
तो हत्ती. सोंड तुटली त्याची.
लोक सोंडेचा फोटो काढतेत अन् निघून जातेत.
तुमी थांबा.

मेलेला मानूस म्हनून मले घेतलं होतं.
हो, मीच तो. शालिक मेश्राम.
बारीक होतो, खांदेकऱ्यायले जड नको व्हायले.
मले तीस रुपये रोज, रडनाऱ्या बायायले पंधरा.
माय तीन दिवस बोलली नाई,
चौथ्या दिवशी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या.
सायेब म्हने, श्वास धर, डोये झाक,
काहीही झालं तरी डोये झाक.

तिरडी वेशीत शिरली.
तोंडावरचं ऊन एकदम विझलं, गार लागलं,
अन् मी डोये उघडले.

वर, कमानीच्या पोटाले, मधोमध
एक बेडूक.
दगडाचा. मुठीएवढा.
उलटा बसून खाली पाहून रायला,
तोंड उलीसं उघडं, जसं काही आत्ताच
माह्याशी बोलनार होता.

कट.

सात वेळा नेलं मले वेशीखालून, साती वेळा उघडले.
बाया पुन्हा पुन्हा रडल्या, माह्यावर नाई, उन्हावर.
आठव्या खेपेले तोंडावर रुमाल टाकला.
पिच्चरमंदी तोच हाये, रुमाल.

गावात सांगतलं तं हसले.
उभ्यानं मान वर केली का अंधारच दिसते,
अन् मागून मोटरसायकल हॉर्न देते.
आधी कडब्याच्या बंडीवर निजून येनारे होते,
त्यायनं पाह्यला असन. त्यातला कोनी उरला नाई.
कोरला कोनं, कायले कोरला, पुस्तकात नाई.
गिरजा, माही बायको, म्हने,
मेलेल्याची साक्ष कोर्टात चालत नाई.

मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिले
याच वाटेनं नेलं.
मी म्हनलो, तोंड उघडं राहू द्या.
लोकायले वाटलं, दुःखानं बोलून रायला.

थांबा, तो ट्रॅक्टर जाऊ द्या.

हं. आता झोपा.
अठीच, रस्त्यावर. बॅग घ्या उशाले.
पाय दक्षिनेले नको, तेवढं पाहा.
गाड्यायचं मी पाहतो.