सूतभर

सल्माबादला, गॅरेजांच्या मागच्या गल्लीत,
शटर अर्धंच वर होतं. कुरियाकोस म्हणाला, वाकून या.
आत पंखा गरम हवेनं गरम हवेला ढकलत होता.
त्यानं चादर ओढली: टेबल सॉ.
बिडाचं टेबल, दहा इंची पातं,
पंचाहत्तर दिनार, बघू काय ते.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते.
गुदैबियातल्या कितीतरी दाढा माझ्या हातच्या आहेत.
म्हणून आधी दातच मोजले.
चाळीस. त्यातल्या एकाचा कोपरा उडालेला.
"खिळा लागला," तो म्हणाला, "माझीच चूक."
चूक कबूल करणारा विक्रेता
मला नेहमीच महाग पडतो.

चहा ओतताना त्याचे हात पाहिले.
बावीस वर्षं, आणि बोटं दहा.
अशी गॅरंटी कुठल्या कार्डावर छापत नाहीत.
पण पात्यावरचं झाकण भिंतीवर टांगलेलं,
त्यावर बोटभर भुसा.
विचारलं, तर म्हणाला, नजर ठेवली की पुरे.
मी मनात पंधरा दिनार कमी केले.

मग गुण्या लावला.
पट्टी पात्यापासून पुढे जेवढी,
मागे त्याहून सूतभर लांब.
सूतभर म्हणजे किती ते मला
कुडाळच्या आमच्या आळीत गंगाराम मेस्त्रींनी शिकवलं,
मोठ्या करवतीचं दुसरं टोक हातात देऊन:
ढकलू नको गो, नुसती ओढ.
ती करवत जाताना कापायची, येताना कापायची.
ही जातही नाही, येतही नाही,
जागच्या जागी फिरते
आणि ढकलायचं आपण.

"चालू करा," मी म्हटलं,
आणि टेबलावर शंभर फिल्सचं नाणं
कडेवर उभं केलं.
मोटर घुमली. नाणं थरथरलं,
इकडे झुकल्यासारखं, तिकडे झुकल्यासारखं,
आणि उभं राहिलं.
बंद करताना मात्र पडलं.
दोघंही नाण्याकडे बघत बसलो.
कुरियाकोस म्हणाला, बंद करतानाचं धरत नाहीत.

त्याचं सामान कोट्टयमला निघालंय.
खोक्यांवर बायकोनं मार्करनं लिहिलंय, भांडी, देव, भांडी.
यंत्र न्यायला परवडत नाही.
माझा व्हिसा मार्चपर्यंत.
इथे आठ वर्षांत मी जे जे घेतलं
त्या सगळ्याची घडी होते:
खुर्च्या, पलंग, कपडे वाळत घालायचा स्टँड.
एकशे दहा किलोचं बीड
ह्या देशात माझ्या नावावर?

उद्या सांगते, म्हणाले.

घरी सतेज म्हणाला, काय बनवणार आहेस?
टेबल.
टेबल घेऊन टेबल?
मी उत्तर दिलं नाही. टेप काढली.
गच्चीवरच्या खोलीचं दार, पाखा ते पाखा:
सव्वादोन फुटांना सूतभर कमी.
यंत्राची खोली: सव्वादोन फूट.
रुंदी तर विचारूच नका.
तिथेच चौकटीला टेकून बसले.
समोर पाण्याच्या टाक्या, मागे खाडीपलीकडे सित्र्याची ज्योत,
आणि वाईट वाटण्याऐवजी
मी चौकटीचं लाकूड बघत होते:
मेरांटी, रंग तीन थर,
सूतभर तासलं तर घरमालकाला कळेल का.

रात्री साडेनऊला फोन केला.
"साठ," मी म्हटलं, "झाकणासकट.
आणि एखादा रंधा असेल तर तोही द्या."
रंधा कशाला?
दाराचं सांगितलं.
तो इतका हसला की मागून बायकोनं विचारलं, कोण आहे.
"टेबलाचे पंख सुटतात, मोळे. मग आडवं वळवून ने.
पण बोल्ट गंजलेत.
शुक्रवारी ये. तेल मी आजच घालून ठेवतो."