चार किलो

पुएर्तो मोन्तच्या मासळी कारखान्यात
एदेल्मिराची रात्रपाळी होती तेव्हा
ती फ्रिजवर नाणी ठेवून जायची.
निबाल्दो कोपऱ्यावरून तळलेल्या सोपाइपिया आणायचा,
आतून कडी लावून टीव्हीपुढे खायचा.
शाळेच्या काट्यावर तो चढला की
नर्सबाई पेनाचं टोपण चावायच्या.

मार्चात कारखाना बंद.

आता आई घरीच.
वाटाण्याचं पातळ कालवण, दोन्ही वेळ तेच.
शाळेत दोघं चालत जातात,
बसचे पैसे वाचतात म्हणून.

"चार किलो कमी! शाब्बास.
काय केलंत हो?"

एदेल्मिरा नुसती हसली, हात खिशात.
बोटांचा माशाचा वास अजून गेलेला नाही.

निबाल्दो सदरा खाली ओढत होता,
पट्ट्याला सुरीने पाडलेलं नवं भोक
दिसू नये इतका.