निमकी

लोरीनच्या बंद स्विमिंग पूलवरची ताडपत्री
मधोमध खचली आहे. तिच्यात हिवाळ्यापासूनचं पाणी,
ओकची कुजकी पानं, एक टेनिसचा चेंडू.
तिथे झाडबेडूक ओरडत होते मंगळवारी,
कार्बनडेलची अख्खी गल्ली जागी ठेवून.
रात्री दोनला मी टॉर्च घेऊन गेले.
पाण्यावर भिजवलेला साबुदाणा,
पण उपासाला न चालणारा:
दाण्यादाण्यात एकेक मोहरी.

शनिवारी पंपवाला येणार होता.
मी चहाचा कप बुडवून वीसेक दाणे आणले,
पांढऱ्या बशीत ओतले,
बाबांचं भिंग घेऊन बसले.

वर काळं, खाली सायीचं.
बशी कशीही हलवा, काळं वरच येतं.
मग त्या काळ्यावर एक रेघ,
कुणी नखाने ओढावी अशी.
दोन.
चहा करून आले तर चार.
मिरजेहून मंदाचा फोन, तिकडे दुपार,
गुडघ्यांचं सगळं ऐकून होईपर्यंत आठ:
वरचे चार लहान, खालचे चार थोराड.
बे त्रिक सहा इथे नाहीच.
दहा नाही, बारा नाही, चौदा नाही,
एकदम सोळा.

आणि दाणा तेवढाच!
हे उजाडेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही.
वाढत काहीच नव्हतं,
एकाचंच वाटप चाललं होतं.

बाबा पतपेढीत कारकून.
पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ,
आम्हाला कुणी न शिकवलेले ते अपुऱ्यांचे पाढे.
म्हणायचे, दुप्पट काय, कुणीही करतं.
अर्ध्याचं अर्धं करत जा
आणि पै चुकू देऊ नको.

दुसऱ्या दिवशी मोजणं सुटलं.
एका बाजूला बारीक फट पडली
आणि बाहेरचं आत सरकू लागलं,
गोधडीची कड आत खोचावी तसं, सावकाश.
मग दोन वळ उठले समांतर,
एकमेकांकडे झुकले, मिटले,
करंजीच्या कडा जुळाव्यात तसे.
ती पाठ.
डोळे नव्हते, तोंड नव्हतं, काळीज नव्हतं,
पण पाठ झाली होती.
(बाबा असते तर या शब्दावर हसले असते.)

शुक्रवारी शेपट्या. आतल्या आत वळवळ.
बशी घेऊन लोरीनकडे गेले.
तिने भिंग डोळ्याला लावलं, खूप वेळ,
नि म्हणाली, "पंपाचे पैसे आधीच दिलेत गं."

शनिवारी आठला पंप सुरू झाला.
ती गाउनवरच आली, हातात पिठाची चाळणी,
मी दोन बादल्या घेऊन.
निम्मे वाचले असतील. कदाचित निम्म्याचे निम्मे.
गटाराकडे आम्ही दोघींनी पाहिलं नाही.

बशीतले सगळे फुटून निघाले,
काचेला चिकटून बसलेत स्वल्पविरामांसारखे.
एक दाणा तेवढा राहिलाय,
ज्यावर रेघ कधी उमटलीच नाही.
अख्खा आहे.
पांढरा पडत चाललाय.